नवी सिस्टिम टाकावी की नाही

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. सातवीनंतर मी शाळेत गेलो नाही आणि मोठे शब्द मला येत नाहीत. सोमगीर बाबांशी जे बोलणं झालं, ते आठवतं तसं साध्या भाषेत लिहितो.

“मग जुनीच ठेवू, की नवी टाकू, बाबा?”

“कुणाचं चाललंय?”

“माझ्या घरच्या कॉम्प्युटरचं. त्याची सिस्टिम जुनी झालीय.”

“त्याला विचारलंस का?”

“तोच विचारतो. रोज सकाळी चालू केला की पडद्यावर येतं. नवी सिस्टिम तयार आहे. आता, की नंतर?”

“आणि तू काय म्हणतोस?”

“नंतर.”

“रोज?”

“वर्ष झालं.”

“नेमाचा पक्का आहेस,” बाबा म्हणाले.

आमच्या गावाबाहेर खिंड आहे. तिथं एक शेंदराचा देव आहे आणि त्याची पूजा सोमगीर बाबा करतात. गोसावी आहेत. दर शनिवारी ते तेलात शेंदूर कालवून देवाला एक हात देतात. त्यांच्याआधी त्यांचे गुरू देत होते. लेपावर लेप चढून देव माणसाएवढा झालाय. कुणी म्हणतं मारुती, कुणी म्हणतं भैरव. आत काय आहे ते आताच्या कुणी पाहिलेलं नाही.

त्या शनिवारी दुपारी वारा पडला होता. सावरीच्या बोंडांतला कापूस सुटला होता आणि खाली यायचं विसरून हवेतच थांबला होता. बाबा वाटीत बोट फिरवत होते. मला वाटत होतं, ही दुपार कधीपासून चालू आहे कोण जाणे.

“नव्यात वाईट काय?”

“सगळ्याच्या जागा बदलतात, बाबा. आज मी डोळे मिटून काम करतो. कुठलं बटण कुठे, माझ्या बोटांना माहीत आहे.”

“डोळे दुखतात का तुझे?”

“नाही.”

“मग मिटतोस कशाला?”



मग मी खरं ते सांगितलं. “लोक अर्ज भरायला माझ्याकडे येतात, मला मास्तर म्हणतात. सातवी झालेल्याला. नवी टाकली, की मी परत पहिलीच्या बाकावर. सगळ्यांसमोर चाचपडत.”

“हं…”

“वाचताना अडखळायचो म्हणून वर्ग हसायचा. त्यापायीच शाळा सोडली मी. हे कुणाला सांगितलेलं नाही.”

बाबांनी वाटीत थोडं तेल सोडलं.

“जुन्यावर काय अडतं?”

“सरकारी अर्जाचं पान उघडत नाही.”

“मग आलेल्या माणसाला काय सांगतोस?”

“सर्व्हर डाऊन आहे म्हणतो.”

“हा कोण?”

“लांब असतो. मोठा कॉम्प्युटर. डाऊन म्हणजे बंद पडलाय.”

“आणि तो खरंच बंद असतो?”

“…नाही.”

कापसाचा एक पुंजका बाबांच्या जटेवर बसला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

“कुणाला सांगितलंस असं?”

“बऱ्याच जणांना. कौसामावशीला तीन वेळा.”

कौसामावशी आमच्या आळीत एकटी राहते. निराधार पेन्शनवर तिचं चालतं. त्यासाठी हयातीचा दाखला भरावा लागतो, म्हणजे मी जिवंत आहे असं कळवायचं. मुदत सोमवारपर्यंत होती. तालुक्याला जाऊन भरता येतं, पण तिच्या गुडघ्यांना आता एसटीची पायरी चढवत नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं.

“बाई जिवंत आहे?”

“हो.”

“तुला ठाऊक आहे?”

“रोज दिसते.”

“आणि सोमवारनंतर?”



बाबांनी वाटी माझ्यापुढे धरली. “आज तू लाव.”

“मी?”

“पाच वर्षं बघतोयस. येत असेल.”

खरं सांगतो, मला बरं वाटलं. “येतं की, बाबा. कपाळ कुठे, मिशी कुठे, चांदीचे डोळे कुठे, सगळं पाठ आहे.”

“डोळे मिटून लावशील?”

“लावेन.”

“लाव.”

मी डोळे मिटले. शेंदूर गार होता. कपाळावरून हात खाली आणला, भुवया सापडल्या, चांदीच्या डोळ्यांच्या कडेकडेनं बोट फिरवलं. एकदाही चुकलो नाही. मिशीवर आलो तेव्हा हाताखाली काहीतरी हललं… जसं झोपेत कुणी कूस बदलावी.

मग आवाज झाला. फार मोठा नाही. ओल्या मातीची भिंत बसते तसा.

डोळे उघडले. देवाचा पुढचा सगळा भाग निखळून पायरीवर पडला होता. वीतभर जाडीचं कवच. तुटल्या कडेला थरावर थर दिसत होते, केशरी, तांबडे, मग काळसर.

“बाबा, मी पाडला.”

“तू नाही. त्याचं त्याला ओझं झालं.” ते उठले. “माझ्या गुरूंच्या गुरूंनी एकदा पाहिलं होतं. मला वाटलं, मला नाही दिसायचं.”

त्यांनी कवच एका जुन्या धोतरात गोळा केलं, नदीत सोडायला. एक तुकडासुद्धा पायाखाली येऊ दिला नाही. चांदीचे डोळे मात्र काढून माझ्या तळहातावर ठेवले. उन्हानं ते कोमट झाले होते. माझ्याकडेच बघत होते.

आत एक काळा दगड होता. गुळगुळीत. ना नाक, ना तोंड, ना शेपटी. मारुती नाही, भैरव नाही.

बाबांनी त्याला तांब्याभर पाणी घातलं आणि रोज टेकतात तसंच डोकं टेकलं.

मग वाटी परत माझ्या हातात दिली.

“लाव.”

मी दगडासमोर उभा राहिलो. बराच वेळ. शेंदूर बोटावरून मनगटापर्यंत ओघळला.

“बाबा, कुठे काय आहे ते मला कळत नाही.”

“आता नीट बघून लावशील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कौसामावशीच्या दारात गेलो. म्हणालो, “मावशी, सर्व्हर बंद पडलेला नव्हता. मला जमत नव्हतं.”

“वाटलंच मला,” ती म्हणाली. “एवढे दिवस कुणी पडून राहत नाही. एक तर उठतं, नाहीतर जातं.”

तिला हात धरून घरी आणलं. तिच्यासमोर कॉम्प्युटर चालू केला आणि ‘आता’ दाबलं. पडद्यावर ठिपके गोल फिरायला लागले. मावशीनं दोन कप चहा घेतला, एक डुलकी काढली. ठिपके फिरतच होते.

दुपारच्या सुमारास पडदा निळा झाला, मग उजळला. ओळखीचं एकही चित्र जागेवर नव्हतं. बोटं नुसतीच अधांतरी राहिली.

“ते कोपऱ्यात काय आहे रे?” मावशीनं विचारलं.

“माहीत नाही, मावशी.”

तिनं खुर्ची पुढे ओढली.

“मग दाबून बघ की.”