सोवळ्याची पेटी

अशी बोधकथा अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणी लिहिली नसेल. तालुक्यात लिहितंच कोण म्हणा. आणि जो लिहितो त्याची शाळा सातवीत सुटली, तीही शाळेनंच सोडली. तरी ऐका.

एका तालुक्याच्या गावात एक मिस्त्री होता. नाव ज्योतिराम. बसस्टँडच्या मागं, चिंचेखाली त्याचं गॅरेज. गाडी त्याच्याकडं एका रूपात जायची आणि दुसऱ्याच रूपात बाहेर यायची. पोल्ट्रीवाल्याच्या पोराला गाडी वाघासारखी गुरगुरायला हवी, तर मिस्त्री सायलेन्सर कापून द्यायचा. सोनाराच्या जावयाला टायर इतके रुंद हवेत की गाडी बेडकासारखी बसलेली दिसावी, तर तेही व्हायचं. एका पुढाऱ्याच्या गाडीला त्यानं असा भोंगा बसवला, की तो वाजला की म्हशी दूध चोरायच्या. पुढारी बोलला तरी चोरायच्याच, पण ते जाऊ दे.

आता असल्या गाड्या कायद्यात बसत नाहीत. पासिंगला गाडी मूळ रूपात न्यावी लागते. त्यावर मिस्त्रीनं तोड काढली होती. गॅरेजच्या कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती. तिच्यात एक साधा सायलेन्सर, एक साधा भोंगा, दोन साधे आरसे. आणि पेटीशेजारी चार साधे टायर. पासिंगच्या दिवशी सकाळी हा माल गाडीला चढायचा. एकच सायलेन्सर सगळ्या गाड्यांना कसा बसायचा हे विचारू नका. तो मिस्त्रीचा हात होता. मग मिस्त्री कागदावर सही करायचा, की सर्व भाग मूळचे असून कायमचे बसवले आहेत. शिक्का पडायचा. संध्याकाळी माल परत पेटीत आणि गाडी परत बेडूक.

गावानं त्या पेटीला ‘सोवळं’ नाव ठेवलं होतं. पूजेपुरतं नेसायचं, पूजा झाली की खुंटीला. “मिस्त्री, बुधवारी सोवळं मोकळं आहे का?” असं लोक भर बाजारात विचारायचे. विचारणाऱ्यांत देवळाचे पुजारीही होते. त्यांचीही गाडी गुरगुरायची.

या मिस्त्रीचा एक जिवलग दोस्त होता, बाबालाल. वीस वर्षं तो वडापची जीप चालवत होता. दहाच्या जीपमध्ये एकोणीस माणसं कोंबायचा आणि विसाव्याला म्हणायचा, “या पाव्हणं, मोकळीच आहे.” मागची जादा फळी ज्योतिरामनंच जोडलेली. पासिंगला ती निघायची आणि रात्रीच्या आत पुन्हा लागायची. म्हणजे सोवळं बाबालालनंही नेसवलं होतं, आणि दरसाल नेसवलं होतं. साधू कुणीच नव्हतं.

एका जत्रेच्या दिवशी टपावर सामान बांधताना दोर तुटला आणि बाबालाल पाठीवर पडला. जीव वाचला. कमरेखालचं अंग गेलं.

त्यानंतर त्याला कुठं जायचं झालं की चार माणसं लागायची. उचलून टेम्पोत ठेवायचं, टेम्पोतून उचलून खाली ठेवायचं. “बाकीच्यांना चौघं मेल्यावर लागतात,” बाबालाल म्हणायचा, “आम्हाला आधीपासनंच लागायला लागले.” लोक हसायचे. तो नुसता त्यांच्या चपलांकडं बघत राहायचा.

घाटापलीकडच्या गावात त्याची थोरली बहीण राहायची, हमीदाआपा. आई गेली तेव्हा बाबालाल चार वर्षांचा होता. आपानंच त्याला कडेवर वाढवलं. आता ती अंथरुणाला खिळली होती. बाबालालला तिच्या दारात जायचं होतं. पण उचलून नेलेला नव्हे. स्वतः गाडी हाकत, गल्लीच्या तोंडापासून भोंगा वाजवत जायचं होतं, म्हणजे आपाला खाटेवरूनच कळेल की आला. एवढं एकच मागणं होतं त्याचं.

त्यानं जीप विकली आणि एक जुनी छोटी गाडी घेतली, बिनक्लचची. ती मिस्त्रीच्या दारात आणून लावली.

“ज्योत्या, ही हातानं चालंल असं काहीतरी कर.”

मिस्त्रीनं दोन महिने दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. स्टिअरिंगच्या खाली त्यानं लोखंडी दांडा बसवला. ढकलला की ब्रेक, ओढला की गाडी पळायची. तीनदा जोड मनाला पटला नाही, तीनदा कापून पुन्हा वेल्डिंग केलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात एक नट दोनदा पिळला नव्हता, तो रोज सकाळी येऊन आदल्या दिवशीचे सगळे नट पिळून बघायचा. शेवटी त्यानं आपले दोन्ही पाय दोरीनं सीटला बांधून घेतले आणि बाजाराच्या मैदानात शंभर वेळा ब्रेक लावून पाहिला. शंभरच्या शंभर वेळा गाडी जागेवर उभी राहिली. मिस्त्री पाय सोडायला विसरला आणि तसाच उतरायला गेला. मैदानातली शेळ्या राखणारी म्हातारीसुद्धा हसली.

“घे,” तो बाबालालला म्हणाला. “उद्याच जा आपाकडं. कोण अडवतंय?”

“पूर्वी अडवलं तर उतरून पळता यायचं,” बाबालाल म्हणाला. “आता कुठं पळू? मला कागद पायजे. गाडीची पंधरा वर्षं भरलीत, पासिंग नव्यानं करायचंच आहे. त्यात हा दांडाही कागदावर चढू दे. आपाच्या दारात चोरासारखं जायचं नाही मला.”

पासिंगला त्या वर्षी नव्या निरीक्षक बाई आल्या होत्या, ऐवळे मॅडम. बोलायला कमी आणि वाकून बघायला जास्त. आल्या आल्या त्यांनी एका सायलेन्सरच्या पोटाला गुपचूप नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता. तो ठिपका पुढं सतरा गाड्यांच्या खाली निघाला. सतराही मालकांच्या नोटिसा टेबलावर तयार होत्या, फक्त पोस्टात पडायच्या होत्या. गावाला याची खबर नव्हती. आपण लबाड आहोत हे गावाला माहीत होतं. आपण ओळखले गेलोय हे तेवढं माहीत नव्हतं.

बाई बाबालालच्या गाडीजवळ आल्या. दांडा ढकलून पाहिला, ओढून पाहिला. गुडघ्यावर बसून जोड बघितले, त्यावरून बोट फिरवलं.

“काम सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. “कुणी केलं?”

बाबालालनं छाती पुढं काढली. “आमच्या ज्योतिराम मिस्त्रीनं.”

मिस्त्री लिंबाखाली उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो पासिंगला दाढी करून आला होता. बाईंनी त्याला टेबलापाशी बोलावलं आणि सतरा कागद त्याच्यापुढं पसरले. अठरावा बाबालालचा.

“या सह्या तुमच्याच ना?”

“माझ्याच, बाई.”

“या सतरांवर लिहिलंय, भाग कायमचे बसवले आहेत. या अठराव्यावरही तेच लिहिलंय. यातली खरी कोणती धरू?”

“ही,” मिस्त्री म्हणाला. “आईशप्पथ, बाई, ही खरी.”

“सतरा वेळाही तुम्ही हेच सांगितलंत.”

मिस्त्री दाढी केलेल्या गालावरून हात फिरवायला लागला.

बाईंचा आवाज काही कठोर नव्हता. “हे बघा, या गृहस्थांना हातानं ब्रेक लावायचा आहे. दांडा निसटला तर मदतीला पाय नाहीत. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर एक चक्कर मारून मी आज सही केली असती. तुमच्या शब्दावर नाही करता येणार. पुण्याहून तपासणीचा दाखला आणा. तो आला त्या दिवशी माझी सही.”

गाडी ट्रकवर घालून पुण्याला गेली. तपासणीची तारीख मिळाली अडीच महिन्यांनंतरची. बाबालालनं आपाला फोन केला, “येतोय, येतोय. कागद झाला की निघालोच.” आपा म्हणाली, “ये बाबा, मी कुठं जातेय.”

सहाव्या आठवड्यात आपा गेली.

बाबालालला घाटापलीकडं न्यायला टेम्पो आणला. चौघांनी त्याला उचललं. त्या चौघांत ज्योतिराम होता. पायांकडची बाजू त्याच्याकडं आली होती. आपाच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पोवाल्यानं सवयीनं भोंगा वाजवला. बाबालालनं डोळे मिटून घेतले.

कबरस्तानात मूठभर माती द्यायची वेळ आली. बाबालालचा हात पोहोचेना. दोघांनी त्याला काखेत धरून वाकवलं, तिसऱ्यानं त्याच्या तळहातावर माती ठेवली. अर्धी माती कबरीत पडली, अर्धी त्याच्याच मांडीवर सांडली. मांडीवरची त्याला कळलीही नाही. ती ज्योतिरामनं झाडली.

दोन दिवसांनी पुण्याहून निरोप आला. मध्येच कुणाचा तरी नंबर गळाला होता, म्हणून तपासणी लवकर झाली होती. शेरा होता: काम निर्दोष. ऐवळे मॅडमनी शब्द पाळला, त्याच दिवशी सही केली. गाडी बाबालालच्या दारात येऊन उभी राहिली, दांड्यासकट, कागदासकट. कायद्यानं आता ती कुठंही जाऊ शकत होती. जायचं ठिकाण तेवढं उरलं नव्हतं. आठवड्याभरात शेजारणीच्या कोंबड्या तिच्या टपावर बसायला लागल्या आणि बाबालालनं त्यांना एकदाही हाकललं नाही.

एके सकाळी मिस्त्री येऊन ओट्यावर त्याच्याशेजारी बसला. टपावरच्या कोंबड्या बघितल्या आणि त्याला राहवलं नाही.

“बाबालाल, जन्मात एकदा खरं काम केलं आणि नेमकं तेच अडकलं बघ. त्यापेक्षा नेहमीसारखं केलं असतं तर? दांडा काढायचा, सोवळं नेसवायचं, साधी गाडी म्हणून पास करून घ्यायची. संध्याकाळी दांडा परत लावून दिला असता. आपा भेटली असती.”

बाबालालनं मान वळवली नाही.

“तुझ्या पेटीत सायलेन्सर होता, भोंगा होता, आरसे होते,” तो म्हणाला. “एका दिवसापुरते दोन पायही ठेवले असतेस ज्योत्या, तर मीच गाडी घेऊन गेलो असतो पासिंगला. संध्याकाळी आणून दिले असते परत.”

तात्पर्य: खोट्याला रोज उसनी दिलेली सही खऱ्याच्या दिवशी घरात सापडत नाही, आणि तिच्यावाचून अडतं ते आपलं नव्हे, आपल्या जिवलगाचं.