पट्टीवरचा ठसा

शुद्धलेखनात चूक असेल तर पोटात घाला. शब्दही साधेच आहेत.

फार पूर्वी एका खिडकीला आडव्या पट्ट्यांचा पडदा होता. शालिनीबाई फोडणी टाकून यायच्या आणि मधली पट्टी बोटाने वाकवून नवऱ्याची, त्र्यंबकरावांची, वाट बघायच्या. त्या वारल्या. पडदा मिटलेलाच राहिला, त्यावर धूळ साचली. बाईंच्या तेलकट बोटाचा ठसा मात्र पट्टीने जिवापाड जपला.

एके दिवशी त्र्यंबकराव बाईंचा जुना मोजा धुऊन, हातात चढवून पडदा पुसू लागले. ठशापाशी हात थांबला. "काय करू गं?" ते पुटपुटले.

पट्टी मोज्यावर खेकसली, "पायातल्याने पायातच राहावं! हा ठसा पुसलास तर बाई पुन्हा जातील."

मोजा म्हणाला, "अगं, माझ्यातही त्यांच्या टाचेचा आकार होता. आज धुतलं, तो गेला. पण बाई तुला वाकवायच्या कशाला?"

"हे येताना दिसावेत म्हणून."

"मग या घराला बाहेरचं माणूस दिसून किती दिवस झाले?"

पट्टीने अंग सैल सोडलं. हात पुढे सरकला आणि ठसा गेला. वाकल्याची बारीक खूण तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकरावांनी त्याच खुणेवर बोट ठेवून पट्टी वाकवली, आणि रस्त्याने कोण येतंय ते बघत उभे राहिले.