सावलीत भरलेली कणसं

किती पिढ्या उलटल्या कोण जाणे, पण फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरावर दाट राई होती. तिच्या सावलीत गावाची निम्मी शेतं दुपारपर्यंत झाकलेली असत. तिथली नाचणी वाढे, पण कणसं पोचट राहत.

एका वर्षी कणग्या लवकर रिकाम्या झाल्या. दोन घरं गाव सोडून गेली. तेव्हा गावानं ठरवलं, कापणी झाली की राई तोडायची.

गावाचं बियाणं सगुणाबाई राखत असे. ती म्हणाली, "पाटील, आपला झरा त्या राईतूनच येतो. ऊन मिळेल, पण पाणी जाईल."

"मग खायचं काय?" पाटलांनी विचारलं.



कापणीच्या दिवसांत सगुणाबाई सावलीतल्या शेतांमधून एकटीच फिरली. शंभरात नाचणीचं एखादं ताट कणसांनी भरलेलं होतं. त्याची पानं गर्द हिरवी अन् ताठ होती; वरचं पान खालच्याला झाकत नव्हतं. पडेल तेवढं ऊन पानन् पान पिऊन घेत होतं.

सगुणाबाईनं ते ताट ओळखलं. असली ताटं इतरांसारखी दिसत नाहीत म्हणून तिनंच ती वर्षानुवर्षं बियाण्यातून काढून टाकली होती.

ओंजळभर दाणे घेऊन ती पाटलांकडे गेली. "तीन हंगाम थांबा. या बियाण्यानं सावलीतली शेतं भरून दाखवते."

"तीन हंगाम पोटाला काय सांगू?"

"उन्हातल्या शेतांचं धान्य सगळे वाटून खाऊ. माझ्या कणगीपासून सुरुवात करा."

पाटील नाइलाजानं कबूल झाले.

पहिल्या वर्षी तिची अर्धी ताटं पोचट निघाली. लोक हसले. तिनं भरलेल्या कणसांचंच बी ठेवलं. दुसऱ्या वर्षीही तेच केलं. उपास तिलाही घडले, पण ते बी तिनं दळलं नाही.

तिसऱ्या वर्षी सावलीतली शेतं भरली. उन्हातल्या शेतांइतकी नाही, पण पोटापुरती भरली. पाटलांनी एक कणीस तळहातावर चोळलं.

"हे बी आणलं कुठून, सगुणाबाई?"

"कुठूनच नाही. आपल्याच शेतात होतं. मीच टाकत आले."

राई उभी राहिली, झरा वाहत राहिला, अन् गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आलं.

तात्पर्य : वेगळं दिसतं म्हणून टाकून देण्याआधी नीट पाहावं, उद्याची भाकर त्यातच असू शकते.