पोवळ्याच्या खडकावरची आवडाबाय

फार जुनी गोष्ट. समुद्रावरसुद्धा खोताचा हुकूम चालायचा, त्या काळातली. मालवणाकडच्या खडपवाडीत आवडाबाय नावाची, मासेमारी करणाऱ्या जमातीतली एक गाबतीण राहायची. बुडी मारून ती खडकावरची कालवं काढायची. तिचा दम एवढा, की होडीतल्या बायकांचं गाणं संपायचं तरी ही आपली खालीच, असं म्हणतात.

खाली पोवळ्याच्या खडकात ती एक शिकार नेहमी बघायची. गोबरा मासा लहान माशाच्या पाठी लागायचा. लहान मासा फटीत शिरला, की जाडजूड गोबऱ्याचं काही चालायचं नाही. मग तो वामीच्या बिळापाशी जाऊन सगळं अंग थरथर हलवायचा, तिला फटीपर्यंत आणायचा आणि तिथे डोकं खाली करून उभा राहायचा. सापासारखी वाम आत घुसायची. आत राहिला तर मासा वामीचा, बाहेर पळाला तर गोबऱ्याचा.

पुढे खोताला दुमजली घर बांधायची हौस आली. पोवळं भाजून पांढराशुभ्र चुना होतो, म्हणून त्याने वेठीची माणसं पहारी देऊन खडकावर उतरवली. एका हंगामात मासे पांगले. चुली थंडावल्या. आवडाबाय त्याच्या दारात गेली.

"खोतानू, खडप फोडलात तर मासो खंय रवतलो? आमी काय खावचा?"

"चुना खा," खोत म्हणाला.

आठवड्याभरात फोडलेला कडा कोसळला. तिचा भाऊ साजबा वेठीला होता, तो खाली अडकून मेला. "आधी होडी भरा, मग मढं काढा," खोताने सांगितलं. होडी भरली. दुसरी भरली. साजबा तिथेच राहिला.

आवडाबाय रडली नाही. रागाने ती करकर दात खात होती. दुसऱ्या दिवशी ओहोटीला खोत स्वतः होडीतून काम बघायला आला, तेव्हा ती गावातल्या बायकांना म्हणाली, "मी भितुरसून हुसकावतंय. तुमी वाटेचा तोंड धरा."

तिने बुडी मारली. खोताच्या होडीखाली डोकं खाली करून उभी राहिली आणि गोबऱ्यासारखं अंग हलवलं. असं म्हणतात, तेव्हा प्रत्येक फटीतून मांडीएवढ्या जाड वामी बाहेर आल्या. वेठीची माणसं पहारी टाकून किनाऱ्याला पळाली; त्यांना वामी शिवल्यासुद्धा नाहीत. खोताच्या होडीच्या फळ्या मात्र दातांखाली करकरू लागल्या. नावाड्याने पाण्यात उडी टाकली. खोत वल्हं मारत खडकांमधून बाहेर पडायच्या एकमेव वाटेशी आला, तर तिथे बायका होड्या आडव्या लावून उभ्या.

आवडाबाय वर आली.

"उतर. माझो भाव काढ."

"मी? खोताने?"

"तूच."

खोत कोसळलेल्या कड्यापाशी गळ्याएवढ्या पाण्यात उतरला. दगड हलवताना त्याची नखं निघाली. कुणी हात लावला नाही. साजबाला खांद्यावर घेऊन तो किनाऱ्यापर्यंत चालत गेला, आणि त्या खांद्याचा हात पुढे जन्मभर वर उचलला गेला नाही, असं म्हणतात.

वाळूवर गुडघे टेकून त्याने माफी मागितली. आवडाबायने दिली नाही. म्हातारी होऊन मेली, तोवर दिली नाही.

त्या खडकावर आजही कुणी पहार नेत नाही. आणि खडपवाडीत शिमग्याची पहिली बोंब बायका मारतात, आवडाबायच्या नावाने. पुरुष तोवर गप्प उभे राहतात. समुद्राकडे वळून, तोंडावर पालथा हात मारत बायका खोताच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. खोताचं घर कधीच पडलं, वंशही बुडाला. बोंब अजून तसूभर उतरलेली नाही.