चोरून दिलेला वडा

एका विणकरांच्या गावात एक विधवा बाई आपल्या भावाच्या घरी राहत होती. भाऊ आणि वहिनी दिवसभर मागावर बसत. त्यांची आठ वर्षांची एकुलती मुलगी होती, शेवंता. तिला शाळेत सोडायचं आणि घरी आणायचं काम या आत्याकडे होतं. आत्याला स्वतःचं मूल नव्हतं. शेवंताने आईपेक्षा आपल्यालाच जास्त जीव लावावा, असं तिला मनातून फार वाटे. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

शाळेच्या वाटेवर एका तळणाऱ्याचं दुकान होतं. त्याच्या कढईतलं तेल कधीच बदलत नसे. कमी झालं की तो वरून ओतायचा. काजळासारखं काळं तेल, पण त्यातला वडा मात्र खमंग लागे. एकदा शेवंताने हट्ट धरला. आत्याने एक वडा घेऊन दिला. शेवंताने तिच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "आत्या, तूच माझी सगळ्यात लाडकी!"

झालं. दुसऱ्या दिवशी वडा, तिसऱ्या दिवशी वडा. कधी घट्ट गोठणाऱ्या वनस्पती तुपातली जिलबी, कधी कालच्याच तेलात पुन्हा तळलेली भजी.

"घरी सांगायचं नाही हं," आत्या तोंड पुसून देताना म्हणायची.

घरी आई ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दाण्याची चटणी आणि चमचाभर घरचं तूप वाढायची. शेवंता दोन घास चिवडून उठायची. वर्षभरात तिचं अंग सुटलं. चार पायऱ्या चढली तरी धाप लागू लागली, उजवी कूस दुखू लागली. आईबाप घाबरले आणि वैद्यबुवांना घेऊन आले.

वैद्यबुवांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "हिच्या पोटात काय काय जातं? एकूण एक सांगा."

आईने सगळं सांगितलं. तिला माहीत होतं तेवढं. आत्या दाराशी उभी होती. वैद्यबुवांनी तिच्याकडेही पाहिलं. तिच्या ओठांवर आलं होतं, पण मनात आलं, 'आजपासून देणारच नाही, मग आता सांगून काय उपयोग?' ती गप्प राहिली.

"तूप, दाणे, दूध, सगळं बंद करा," वैद्यबुवा म्हणाले. "स्निग्ध म्हणून काही देऊ नका."

आईने त्याच दिवशी मुलीच्या पानातलं तूप काढलं. सासर-माहेरची माणसं तिलाच बोलली, "एकुलती एक म्हणून तूप ओतलंस ना, भोग आता." ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

आत्याने चार दिवस दुकानावरून मान वळवून शेवंताला नेलं. पाचव्या दिवशी पोर रडली, "घरी नुसती कोरडी भाकरी, आणि तूही काही देत नाहीस!" आत्याला राहवलं नाही. शेवंताचं घरचं तूप गेलं ते गेलंच, काळ्या तेलातलं तळण मात्र पुन्हा सुरू झालं.

महिन्याभरात शेवंता शाळेच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. तिला उचलून घरी आणलं तेव्हा आत्याने वैद्यबुवांचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

वैद्यबुवांनी तिला उठवून बसवलं. मग म्हणाले, "बाई, मला अर्धीच गोष्ट ठाऊक होती. चमचाभर घरचं तूप, मूठभर दाणे वाढत्या अंगाला हवेच असतात, ते मी बंद केले. आणि बंद करायचं ते चालूच राहिलं. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, दुकानातलं वनस्पती तूप लेकराच्या अंगात साचत जातं. आता ते निघायला दिवस लागतील."

आत्याने वहिनीकडे पाहिलं. ती ओरडेल, घराबाहेर काढेल, असं तिला वाटलं. वहिनी हळू आवाजात एवढंच म्हणाली, "वन्सं, महिनाभर मी स्वतःलाच शिव्या घालत होते. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

त्या घरात मग तळण सणापुरतं उरलं, तेही ताज्या तेलात, आणि उरलेलं तेल पुन्हा कढईत गेलं नाही. मधल्या वेळेला भाजलेले चणे, गूळ-दाणे, एखादं फळ येऊ लागलं. शेवंताला ते सुरुवातीला मुळीच रुचेना. दोन वर्षं गेली तेव्हा कुठे कूस दुखायची थांबली. धाप पुरती गेलीच नाही. तिच्या वयाच्या मुली अंगणात पळायच्या, ती अर्ध्यातच ओट्यावर येऊन बसायची. ते पाहिलं की आत्या आत निघून जायची.

शेवंता मोठी झाली. एके दिवशी आत्याजवळ बसून डाळ निवडताना तिने सहज विचारलं, "आत्या, तेव्हा तू मला 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"तू रुसली असतीस गं," आत्या म्हणाली.

शेवंताने डाळीतला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "हो, रुसले असते. संध्याकाळपर्यंत."

तात्पर्य इतकंच: लेकराला बाधेल असा घास त्याने मागितला तरी हातावर ठेवू नये, आणि ठेवलाच, तर लपवू तरी नये.