हळदीखालची पोथी

पुस्तकांना जेव्हा बोलता येत असे, तेव्हाची गोष्ट. एका देव्हाऱ्यात औषधांची पोथी लाल फडक्यात बांधलेली असे. दर दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू पडे, सारं घर नमस्कार करी. पण फडकं कोणी सोडत नसे.

"मजा आहे बाई! पूजा तुझी, जेवण माझं," आतली कसर पान कुरतडत म्हणाली. "आज खोकल्याचं पान घेतलंय."

"अगं, कुणाला तरी लागेल ते!"

"कुणाला? नमस्कार करणाऱ्यांना?" कसर खो खो हसली.

इतक्यात बाहेर सासूची खोकून खोकून दमछाक झालेली पाहून धाकट्या सुनेने, वेणूने, फडकं सोडलं.

सासरे ओरडले, "सूनबाई, देव आहे तो!"

"मग बोलू द्या की त्याला, मामंजी!" म्हणत तिने बोटाला थुंकी लावून पानं उलटली. ऊन आत आलं, तशी कसर पळाली. खोकल्याचं पान अर्धं गेलं होतं. उरलेल्या अर्ध्यात अडुळशाचा काढा सापडला. संध्याकाळी सासूला शांत झोप लागली.

पुढे पोथीवर कितीदा तरी हळद वाहिली गेली, झटकलीही गेली. वेणूच्या ओल्या बोटाचा डाग मात्र पोथीने जन्मभर कुंकवासारखा मिरवला.