भरल्या ताटावर काठी

खंड्याला न्यायला एक म्हातारं जोडपं नवाकोरा पट्टा घेऊन दारात बसलं होतं. पण बेवारशी कुत्र्यांच्या त्या आश्रमाचा नियमच होता, परीक्षा झाल्याशिवाय कुत्र्याला घर नाही. आणि परीक्षक राजोपाध्ये साहेब म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे!

खंड्या जेवत असताना साहेबांनी लांब काठीने त्याची थाळी ओढली. खंड्या गुरगुरला.

"रागीट आहे. घरी पाठवू नये," साहेबांनी शेरा मारला.

खंड्याला पिल्लू असल्यापासून वाढवणाऱ्या कोंडाबाईंनी तो शेरा ऐकला आणि त्या चुलीकडे वळल्या. दुपारी त्यांनी साहेबांना गरम पिठलं-भाकरी वाढली. साहेबांनी पहिला घास उचलला, तोच बाईंनी त्याच काठीने त्यांचं ताट ओढलं.

"अहो बाई, डोकं फिरलंय का तुमचं?" साहेब कडाडले.

"माझं राहू द्या, साहेब," कोंडाबाई हळूच म्हणाल्या. "आता तुम्हाला संध्याकाळी घरी पाठवायचं, की इथंच ठेवून घ्यायचं?"

साहेबांनी काठीकडे पाहिलं आणि ते खो-खो हसले. त्यांनी शेरा खोडला, काठी कोपऱ्यात ठेवली आणि चतकोर भाकरी आपल्या हाताने खंड्यापुढे धरली.

खंड्याने आधी तो हात चाटला, मग भाकरी घेतली.